छाती बत्तीस, डावा खांदा खाली

८ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू बरी आहेस. बरी नसलीस की तू लगेच लिहितेस, आणि पहिल्याच ओळीत लिहितेस की मी अगदी बरी आहे.

आता माझं ऐक. हाडांच्या डॉक्टरांनी शेवटी तारीख दिली, बावीस मार्च. उजव्या खुब्याचा सांधा काढून नवा बसवणार आहेत. तीस वर्षं टेलिफोनच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्याचं हे बक्षीस. ऑपरेशननंतर सहा आठवडे अंथरुणात पडून राहायचं. घरात आनंदीआनंद आहे. मुलगा म्हणतो, आई एका जागी बसणार हे बघायला मी रजा घेतो.

सूनबाईने त्यासाठी नवी रजाई आणली आहे. दिसायला सुंदर, पण इतकी गुळगुळीत की झोपताना अंगावर असते आणि सकाळी पलंगाखाली सापडते. मला ती नको. मला माझी गोधडी हवी. कुठली गोधडी असं विचारून वेळ काढू नकोस. दादा गेला त्याच्या आधीच्या थंडीत तुम्ही दोघांनी माझ्यासाठी घातली होती तीच. तो तुकडे मांडायचा आणि तू टाके घालायचीस. अर्धी झाली आहे असं तूच लिहिलं होतंस. त्यानंतर दोन थंड्या गेल्या. त्याने माझा कोट छत्तीस वर्षांत दिला नाही, आता तूही गोधडी लांबवतेस. घराचं वळण चांगलंच लागलं तुला.

मला दादाच्या दुकानातल्या कापडाखाली पडायचं आहे, वहिनी. यात थट्टा नाही. पुढची थट्टा पुढच्या पत्रात.

तुझी नणंद, सध्या लंगडी


१९ जानेवारी

वन्सं,

मी अगदी बरी आहे. आता हे वाचून तुम्ही काळजी करणार, म्हणजे तुम्हाला काय लिहावं हा प्रश्नच आहे.

गोधडी अर्धी आहे असं मी लिहिलं होतं ते खोटं नाही, पण अर्धीला थोडी कमीच आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी करून ठेवली होती. सुई त्यातच टोचलेली होती, दोऱ्यासकट. मधल्या टाक्यावर थांबले होते, कारण तेव्हा हे आतून म्हणाले, जरा पाणी दे. त्यानंतर हातात घेतली नाही.

तुमचं पत्र आलं आणि मी ती खाली काढली. सुई गंजली होती. दोरा तोडायच्या आधी दोन कप चहा झाला माझा.

मग ह्यांची ट्रंक उघडली. तुम्हाला ठाऊकच आहे, हे चिंधी टाकायचे नाहीत. बोटाएवढा तुकडा असला तरी "असू दे, कुठेतरी लागेल." मी काज-बटणं करायला बसायचे तेव्हा माझ्या पायाशी तुकड्यांचा ढीग साचायचा, आणि केर काढायच्या आधी हे तो वेचून घ्यायचे. बायको घरी आणली की वेचलेली चिंधी, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तुला वेचली नाही, तू अखंड होतीस."

ट्रंकेत वर सगळी शर्टाची कापडं, पट्ट्यापट्ट्यांची. त्याखाली हिरवं. वन्सं, किती हिरवं! जाड लोकरीचे, कोटाच्या कापडाचे तुकडे, प्रत्येक तळहाताएवढा. शेवाळी, बाटलीच्या रंगाचा, पानाच्या रंगाचा, एकाला दुसरा जुळत नाही. मी एकेचाळीस मोजले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची फुली आहे. धुऊन बघितली, जात नाही. हे शर्टांचे कारागीर. कोटाचं काम आलं की समोरच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवून द्यायचे, येतच नाही म्हणायचे. मग हे हिरव्याचं वेड कुठून आलं, देव जाणे. तुमच्या गोधडीत आता मधोमध हिरवळ असणार, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक सापडलं. मापांच्या चिठ्ठ्यांचा डबा. तिनेक हजार चिठ्ठ्या असतील. सगळ्या गावाचं माप आहे त्यात. माझं नाही.

तुमची वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

हिरवळ चालेल. गाय नको म्हणजे झालं.

तुझं माप डब्यात नाही म्हणून रुसलीस वाटतं? अगं, तुला कधी टेप लावलेली आठवते का? तुझे कपडे तो शिवायचा कसे? नुसता बघून. पाठ असलेलं कुणी लिहून ठेवत नाही. माझा टेलिफोनचा नंबरही माझ्या वहीत नाही.

कोटाचं म्हणशील, तर त्याला कोट येत नाही हे तो तुला सांगायचा. मला कधी सांगू शकला नसता. तू लग्न होऊन यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट आहे. मला इथली नोकरी लागली. इथे थंडी हाडं फोडणारी, असं सगळ्यांनी घाबरवलं होतं. शिकवण्या करून मी कापड घेतलं आणि दादाकडे दिलं. महिनाभर रोज विचारायची, रोज "पुढच्या आठवड्यात." शेवटी निघायचा दिवस आला. गाडीत बसताना त्याने हातात तयार स्वेटर ठेवला, दुकानातून विकत आणलेला. शिंप्याच्या बहिणीला विकतचा स्वेटर! मी दोन पत्रं लिहिली, माझं कापड काय झालं म्हणून. उत्तरात हवापाण्याची चौकशी. मी समजायचं ते समजले. बहीण घर सोडून परगावी नोकरीला चालली हे त्याला रुचलं नव्हतं, म्हणून कापड दुसऱ्या कुणाला शिवून दिलं. सात वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. तुमच्या लग्नात पाहुण्यासारखी आले आणि पाहुण्यासारखी गेले, आठवतं?

पुढे मिटलं. मिटलं म्हणजे काय, मी कोटावरून टोमणे मारायचे आणि तो बशीत चहा ओतत राहायचा.

जाऊ दे. चौदा मार्चच्या आत टपालात टाक. तुझा वेग मला माहीत आहे, म्हणून आठ दिवस आधीचं सांगते.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

माझ्या वेगावर बोलू नका. आज गोधडी पाऊण झाली. दुकानाची खोली ज्यांना भाड्याने दिली आहे ते घड्याळवाले रोज दारातून डोकावतात आणि डोळ्यातलं भिंग न काढता म्हणतात, "वेळेत होईल ना?" घड्याळवाल्याला दुसरं काय सुचणार.

काम करताना मी वाचतेही. हसू नका. हे कपड्याचं कटिंग आधी जुन्या वर्तमानपत्रावर काढायचे, ते कागद ट्रंकेत तसेच आहेत. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिसरीत शाळा सुटली होती. लग्न झाल्यावर दुपारी काज करता करता पाठीचा भाग वाचायचा, कॉलर वाचायची. एखादी गोष्ट रंगात आली की नेमकी काखेत संपायची. पुढचं काय झालं म्हणून मी ह्यांना विचारायचे. हे म्हणायचे, "पुढचं बाहीवर बघ." बाहीवर सिमेंटची जाहिरात असायची. शेवटी कंटाळून वाचनालयाचं कार्ड काढून दिलं मला. आता अख्ख्या गोष्टी वाचते, पण काखेची सवय गेली नाही. शेवट जवळ आला की पुस्तक मिटून ठेवते.

आता मजा सांगते. ट्रंकेच्या तळाशी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक बोचकं मिळालं. आत कापून ठेवलेला बायकी कोट. पाठ, दोन बाह्या, पुढचे दोन भाग. शिवलेला नाही, फक्त पुढच्या भागांना खिसे बसवलेले. हिरवाच! कुणीतरी गिऱ्हाईक शिवायला टाकून परत आलंच नाही. वर चिठ्ठी. नाव अर्थातच नाही. ह्यांना माणसं मापाने ओळखू यायची. बाहेरून आले की सांगायचे, "आज बेचाळीस-अडतीस भेटले होते, मुलगी पास झाली म्हणे त्यांची."

तर ही गिऱ्हाईक छाती बत्तीस! वन्सं, बत्तीस म्हणजे काडी हो. वाऱ्याने उडू नये म्हणून कोट हवा असेल बिचारीला. शिवाय लिहिलंय, डावा खांदा पाऊण इंच खाली. एका बाजूला कललेली काडी. मी आणि घड्याळवाले पोट धरून हसलो.

कापड मात्र अजून नवं आहे, कसर लागलेली नाही. गोधडीला मधला भाग भरायला कमीच पडत होतं. पाठीचे आणि एका बाहीचे चौकोन कापून लावून टाकले. पुढच्या भागांचे खिसे उसवायचा कंटाळा आला म्हणून ते तेवढे राहिलेत, उद्या बघते. चिठ्ठी सोबत पाठवते. ह्यांचं अक्षर आहे, तुम्हाला आवडेल.

तुमची वेगवान वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

ती काडी मी.

बावीस वर्षांची होते. छाती बत्तीस होती. आजच्या मापात दोन सुना बसतील, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नसेल. खांदाही तू पाहिला नसशील, मी त्यावर कायम पिशवी अडकवते. सात वर्षांची असताना दादाने मला सायकलवर मागे बसवलं आणि दोन्ही हात सोडून दाखवले. मी पडले. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

तर त्याने कापड कुणाला दिलं नव्हतं. कापून ठेवलं होतं, आणि मला दिलं नाही. हे जास्त वाईट आहे. कापण्याइतका वेळ होता, शिवण्याइतकी इच्छा नव्हती. त्याला मला थांबवायचं होतं. कोट नाही म्हणून मी जाणार नाही असं वाटलं असेल.

जे राहिलंय ते कापू नकोस. गोधडीतही घालू नकोस. गोधडी नको मला. सूनबाईची रजाई ठीक आहे.


२५ फेब्रुवारी

वहिनी,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी तुझ्यावर रागावलेले नाही. तुला काय ठाऊक असणार? तू हसलीस तेही मला आवडलं असतं, ती काडी दुसरी कुणी असती तर.

मी बरी आहे असं एका ओळीत लिही, म्हणजे मी काळजी करायला मोकळी.


४ मार्च

वन्सं,

मी बरी नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे तुम्हाला कळेल की खरं आहे.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी कात्री ट्रंकेत टाकून वर कुलूप लावलं. तुमच्या कोटाची पाठ मी सोळा तुकडे करून गोधडीत लावली होती, आणि वर हसले होते. उसवायला बसले. चार चौकोन उसवले. मग वाटलं, उसवून काय करणार, पाठ परत अखंड होणार आहे का? ते चार परत लावले. चार दिवस मी हेच केलं. उसवायचं, लावायचं.

मग रागही आला. ह्यांचा. तुमच्यापाशी कबूल करते. गेलेल्या माणसाचा राग काढायला जागा नसते, तो आपल्यालाच शिवून ठेवावा लागतो. ज्या माणसाबरोबर चौतीस वर्षं… नाही, दोन कमी, बत्तीस. बत्तीस वर्षं राहिले, तो बहिणीला अडवायला कोट अडवेल, हे माझ्या डोक्यात बसेना. ह्यांच्यात खोड्या पुष्कळ होत्या, पण ही त्यांच्या मापाची नव्हती.

म्हणून परवा ते दोन पुढचे भाग काढून इस्त्रीच्या टेबलावर मांडले, अंगावर असतील तसे. तुम्ही लिहिलं, पडलेला खांदा डावा. चिठ्ठीतही डावाच होता. टेबलावर मात्र उजवा खांदा खाली दिसत होता. मला वाटलं मीच गोंधळतेय. घड्याळवाल्यांना बोलावलं. म्हटलं, उभे राहा आणि हलू नका. पिना लावून दोन्ही भाग त्यांच्या अंगावर चढवले. ते बिचारे हात पसरून उभे, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं. म्हणाले, "बाई, हा कोट माझा उजवा खांदा खाली ओढतोय."

मग मला सगळं दिसलं, वन्सं. मी काज-बटणाची बाई, कटिंग मला येत नाही, पण बत्तीस वर्षं शेजारी बसून बघितलंय. कापड दुमडून दोन्ही भाग एकदम कापतात. ज्या बाजूचा खांदा पडलेला, त्या भागाचा खांदा मागाहून तेवढा उतरता करतात. हे सगळं कापडाची उलट बाजू वर ठेवून, कारण खडूच्या खुणा आतल्या अंगाला हव्यात. उलट बाजूने बघितलं की डावं ते उजवं होतं. शर्टांच्या कारागिराला हा घोटाळा रोज पडत नाही, शर्टाचे दोन्ही खांदे सारखेच. ह्यांनी चुकीचा खांदा कापला. पाठही त्यावरच बेतली असणार. आणि ते कळलं कधी? कोटाचे खिसे आधी बसवतात, खांदे नंतर जोडतात. खिसे बसवून झाले, खांदे जोडायला घेतले, तेव्हा.

कापड तुम्ही बेताचंच आणलं होतं. एक बोट शिल्लक नव्हतं. तुमच्या शिकवण्यांचं कापड, तुमचाच खांदा, आणि तो खांदा तसा का होता हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

आता ते एकेचाळीस हिरवे तुकडे. मी आज सगळे त्या कोटाच्या कापडाशी एकेक लावून बघितले. जवळ जातात, जुळत एकही नाही. वन्सं, हे दरसाल गावोगाव मालाला जायचे ना? तिथून नमुना आणायचे, बोचकं उघडायचे, लावून बघायचे आणि फुली मारायचे. मिळालं असतं तर नवा कापून तुम्हाला दिला असता, आणि काही झालंच नाही असं दाखवलं असतं. सगळ्यात नवा तुकडा मी ओळखते. हे आजारी पडायच्या आधीच्या महिन्यात आणलेला. मीच ह्यांना विचारलं होतं, हा कशाला? म्हणाले, "असू दे, कुठेतरी लागेल."

माझ्या ओळखीच्या माणसाला दोन गोष्टी येत नव्हत्या, असं मी समजत होते. कोट शिवणं आणि सायकल चालवणं.

गोधडीचं तुम्ही सांगाल तसं.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. सूनबाईने विचारलं, कुणाचं काही वाईट? मी म्हटलं, नाही गं, माझा भाऊ मूर्ख होता एवढंच कळलंय.

नुसतं सांगायचं ना! "चुकून उलटा कापला गं." पाच शब्द नाहीत. मी चार दिवस आदळआपट केली असती आणि वाकडा कोट घालून गेले असते. उजव्या खांद्यात कापूस कोंबला असता. मी इकडे सात वर्षं त्याला हट्टी म्हटलं, कंजूष म्हटलं, एकदा तर तुझ्यादेखत खडूस म्हटलं. आणि तो चहा ओतत बसला. बशी किती खोल असते, त्यात इतकी वर्षं बघत राहण्यासारखं काय होतं, ते आज कळलं.

मला वाटतं, दुसऱ्या कुणाचा असता तर त्याने कापूस कोंबून दिलाही असता. माझ्या खांद्याला त्याला दुसऱ्यांदा वाकडं करायचं नव्हतं.

रजाई परत पलंगाखाली गेली आहे. या खेपेला मी ढकलली. तुला हवं ते कर, पण बावीसच्या आत पाठव. आणि आता तरी चौदाच्या आत, असं मी लिहीत नाही, लिहून उपयोग काय?

तुझी नणंद


१४ मार्च

वन्सं,

आज तारीख कुठली आहे ते वर बघा आणि मग माझ्या वेगावर बोला.

पार्सल टपालात टाकलं. घड्याळवाल्यांनी सुतळी बांधली. त्यांच्या गाठी इतक्या बारीक आहेत की सोडायला तुम्हालाही भिंग लागेल.

गोधडीबद्दल चार गोष्टी सांगते, नाहीतर तुम्ही उलटी पांघराल.

तुमचं पत्र आल्यावर मी ते पुढचे भाग कापायचे नाहीत, तसेच अखंड मध्ये बसवायचे असं ठरवलं. लोकरीला इस्त्री उलट बाजूने करतात. म्हणून दोन्ही भाग पालथे घातले, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि फिरवता फिरवता थांबले. पालथे घातल्यावर उजवा भाग डावीकडे आला होता. डावीकडचा खांदा खाली. पाऊण इंच. मी टेप लावून बघितलं.

इतकंच करायचं होतं हो. कोटाला ते जमलं नसतं, कोटाची उलट बाजू वर कशी ठेवणार? गोधडीला जमतं. गोधडीला कोण विचारतंय, तुझी सुलट बाजू कुठली म्हणून. मी ते दोन्ही भाग तसेच, आतलं अंग वर करून लावले. ह्यांच्या खडूच्या रेघा वर दिसतायत, त्या पुसू नका. धुवायचं झालं तर सूनबाईला सांगा, मध्यावर हात फिरवू नको. वरच्या कडेला खांदे आहेत. ती कड हनुवटीपर्यंत घ्या, म्हणजे खांदा खांद्यावर येईल.

खिसे. भाग पालथा घातला की खिशाचं तोंड खाली जातं. आधी वाटलं शिवून बंद करावं. मग वाटलं, तुम्ही असणारही खालीच. म्हणून मधल्या चादरीला आणि अस्तराला दोन भोकं पाडली आणि कडेने काज घातलं. आयुष्यभरात मी केलेली सगळ्यात मोठी दोन काजं आहेत. पांघरून पडलात की हात खालून वर घाला, थेट खिशात जाईल.

त्या दोन्ही भागांभोवती ते एकेचाळीस तुकडे लावलेत, फुलीसकट. एकही सुटलेला नाही.

शेवटचा टाका माझ्याच्याने घालवेना. सकाळपासून दोन बोटं जागा मोकळी ठेवून बसले. तुम्हाला वाटेल, नेहमीप्रमाणे लांबवते आहे. तसं नाही. ही संपली की ह्यांनी मांडलेलं असं घरात काही उरत नाही. शेवटी घड्याळवाले म्हणाले, "बाई, टपाल पाच वाजता बंद होतं." घातला. गाठ आत लपवली आहे, शोधू नका.

एक बाही उरली आहे, न कापलेली. तिचं काय करू?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवून घ्या. तुम्ही घाबरलात की जेवत नाही, हे मला माहीत आहे.

तुमची वहिनी


३१ मार्च

वहिनी,

पाठीवर पडून लिहिते आहे, अक्षर छताकडे चाललंय. सांधा बसला. डॉक्टर म्हणतात नवीन भाग उत्तम. मी म्हटलं, मग बाकीचे जुने लाजतील.

पार्सल अठराला आलं. गाठी सोडायला मुलाला पाऊण तास लागला, घड्याळवाल्यांना माझा नमस्कार आणि शिव्या सांग. गोधडी मी हॉस्पिटलमध्येच नेली. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, बाहेरचं पांघरूण चालत नाही. मी म्हटलं, हे पांघरूण नाही, कोट आहे. त्यांनी खालून-वरून बघितली, माझ्या वयाकडे बघितलं आणि जाऊ दिलं. काल नाडी बघायला आल्या तर हात सापडेना. मी म्हटलं, जरा थांबा, खिशात आहे.

डाव्या खिशात बोट फिरवताना तळाशी काहीतरी लागलं. मला वाटलं तू चिठ्ठी ठेवलीस, तुझं असलं काही वाचनालयातून आलेलं. पण ते शिवणीत अडकलेलं होतं, तुला दिसलंच नसणार. खडूचा तुकडा आहे. झिजून नखाएवढा झालेला. खिसा बसवून झाल्यावर त्याने सवयीने आत टाकला असेल, मग खांदा जोडायला घेतला असेल. तो मी तिथेच ठेवला आहे. झोप येत नाही तेव्हा दोन बोटांत धरते. बोटं पांढरी होतात, आणि सूनबाई विचारते, आई, काय खाल्लंत?

माझी मापाची चिठ्ठी मी पाकिटात घालून तुला परत पाठवते आहे. डब्यात ठेव. खाली आजचं माप लिहिलंय. हसायचं असेल तर घड्याळवाल्यांना न सांगता हस.

उरलेली बाही तुझी. कोट मला मिळाला, मी हावरट नाही. तिचा कागदही असेल ट्रंकेत, तो वाच आणि पुढे काय झालं ते मला कळव. सिमेंटची जाहिरात असली तर तसंही कळव. मला अजून जवळजवळ पाच आठवडे एका जागी पडायचंय, मी सिमेंटचंही ऐकेन. आणि पुस्तकं मिटून ठेवणं बंद कर. शेवट वाचून टाक, मग दुसरं घे.

उठायला लागले की तुझ्याकडे येईन. ट्रंकेत पट्ट्यापट्ट्यांचं कापड पुष्कळ आहे असं तूच लिहिलं होतंस. या खेपेला तुकडे मी मांडेन. तुझ्यासाठी. माप घ्यावं लागेल, मला तुझं पाठ नाही.

कोटाबद्दल विचारशील, तर बसला. खांदा खांद्यावर येतो, हात खिशात जातात. लांबीला तेवढा जास्त झालाय, पायाच्या बोटांखाली वीतभर जातो. पण मी तक्रार करणार नाही. लहान करून दे म्हटलं, तर तो परत छत्तीस वर्षं लावेल.

तुझी नणंद